पोटातली कळ आणि पिशवीचा दोष

ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, की बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी पुन्हा वर येते. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आकडे बाहेर आले, खासगी दवाखान्यांवर बोट ठेवलं गेलं. ते योग्यच झालं. पण त्या बायका दवाखान्याची पायरी मुळात कशासाठी चढल्या होत्या, याची चर्चा फारशी झाली नाही. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं, या तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. दुखण्याचं नेमकं कारण कुणी शोधलं होतं का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

ओटीपोटात अचानक जोराची कळ उठते तेव्हा जिवावर बेतणारी कारणं बहुधा गर्भाशयाबाहेरच असतात. नळीत, अंडाशयात, कधी अपेंडिक्समध्ये. म्हणून पाळी येण्याच्या वयातल्या बाईचं पोट दुखत असेल तर आधी गर्भधारणेची शंका घ्यायची, हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा जुना दंडक आहे. त्यासाठी लघवीची साधी पट्टी लागते, उत्तर पाच मिनिटांत मिळतं. आपल्याकडे ही चाचणी टळते ती एका वाक्यामुळे: ‘‘माझं ऑपरेशन झालंय.’’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. नसबंदीनंतर दिवस जाणं दुर्मीळ, हे खरंच. पण गेलेच, तर ते भलत्या जागी जाण्याचा धोका मोठा असतो. अमेरिकेत नसबंदी झालेल्या १०,६८५ स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यांत १४३ गर्भधारणा आढळल्या आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश गर्भाशयाबाहेरच्या होत्या. बांधलेल्या नळीत बारीकशी वाट उरली तर शुक्रजंतू तिथून पार होतो, फलित झालेलं बीज मात्र परतताना अडकतं आणि तिथेच रुजतं. सहा-आठ आठवड्यांत नळी ताणते, फाटते, रक्त पोटात साचू लागतं. बाहेर दिसतो तो नुसता डाग, म्हणून ‘पाळीच उशिरा आली’ असं वाटून जातं. चक्कर येणं, आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाशी दुखणं ही आत रक्त साचल्याची खूण आहे, कारण ते रक्त श्वासपटलाला टोचतं. नळी फाटण्याआधी निदान झालं आणि प्रकृती स्थिर असली, तर अनेकींना मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर बरं करता येतं. फाटल्यावर शस्त्रक्रिया आणि रक्त, तेही ताबडतोब.

इथे डॉ. राणी बंग यांचं काम आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या सुमारे ६५० स्त्रियांची त्यांनी व डॉ. अभय बंग यांनी पद्धतशीर तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, दर बाईमागे सरासरी ३.६. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मला हा शेवटचा आकडा सगळ्यात अस्वस्थ करतो. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी चित्र होतं. राणीताईंनी बाईला तक्रार विचारली, टेबलावर तपासलं, प्रयोगशाळेत नमुने पाहिले. निम्मे आजार जंतुसंसर्गाचे निघाले. म्हणजे औषधाने बरे होण्यासारखे.

कटिराच्या संसर्गाला नेमकी हीच तपासणी लागते. हाताने तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर कळ आली, की अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविकं सुरू करायची, पूर्ण चौदा दिवस, आणि नवऱ्यालाही उपचार द्यायचे. हा दुसरा भाग तर राहूनच जातो. नवऱ्याकडून संसर्ग पुन्हा येतो, दुखणं परतल्यावर ‘पिशवी खराब झालीय’ म्हटलं जातं. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात एका संसर्गानंतर सुमारे ८ टक्के, दोनांनंतर २० टक्के आणि तिसऱ्यानंतर ४० टक्के स्त्रियांना नळ्या बंद होऊन वंध्यत्व आलेलं दिसलं.

अंडाशयाला पीळ पडला तर वेळ आणखी कमी असतो. एका बाजूला एकाएकी कळ, सोबत उलट्या. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असं मानता येत नाही. लक्षणं बोलत असतील तर दुर्बिणीतून पाहायलाच हवं. निळंकाळं पडलेलं अंडाशयही पीळ सोडवल्यावर पुष्कळदा सावरतं, ते घाईने काढून टाकू नये. अंडाशयातली फुटलेली गाठ बहुधा विश्रांती आणि वेदनाशामकांवर निवते. मूतखडा आणि अपेंडिक्स तपासायचेच.

वेदनाशामक दिलं तर निदान झाकलं जाईल, ही जुनी भीती अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. तरीही बायकांना ते उशिरा मिळतं. अमेरिकेतल्या एका आपत्कालीन विभागात पोटदुखीच्या पुरुषांना वेदनाशामकासाठी ४९ मिनिटं थांबावं लागलं, बायकांना ६५.

फडात तर दुखणं सांगायचीच सोय नसते. उचल घेतलेली, कोयता नवरा-बायकोचा मिळून, खाडा पडला तर पैसे कापले जाणार. गर्भधारणा तपासण्याचा ‘निश्चय’ संच सरकार आशाताईंना मोफत देतं, पण बीडच्या बाईला ओळखणारी आशा बीडमध्ये राहते आणि ती बाई सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या कोपीत. हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासण्या होतात, कळ मात्र हंगामातच उठते. कारखान्याच्या हद्दीतल्या प्रत्येक आशाताईच्या वहीत टोळीतल्या बायकांची नावं असली पाहिजेत, गाळपाचा परवाना देतानाच ही अट घालावी. आणि मुकादमाला एवढं तरी ठाऊक हवं की दुखता दुखता बाईला घेरी आली, तर तिचं ऑपरेशन झालेलं असो वा नसो, सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करायचा.