खारपाणपट्ट्याचा नकाशा आणि तुमचा मोबाईल: कॉलेजात भूगोल घेऊन नक्की काय शिकतात?

बारावीनंतर भूगोल घेतोय म्हटलं की घरी पहिला प्रश्न ठरलेला, "मंग त्याचं करशीन काय?" शाळेतला भूगोल नद्या आणि राजधान्या पाठ करण्याचा होता, त्यामुळे घरच्यांचंही चूक नाही. पण कॉलेजातला भूगोल आता बराचसा कॉम्प्युटरवर आणि शेताच्या बांधावर चालतो. जीआयएस म्हणजे ठिकाणाला जोडलेली माहिती नकाशावर मांडणं, आणि रिमोट सेन्सिंग म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं. अकोला-अमरावतीच्या पोरांना हे समजून घ्यायला घराजवळचंच उदाहरण आहे: खारपाणपट्टा.

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते ना पिण्याचं ना ओलिताचं. हे पाणी शेताला देत राहिलं की आधीच चिकण असलेली काळी माती आणखी बिघडते. प्यायला वान, शहानूर अशा धरणांचं पाणी पाइपलाइनने आणावं लागतं. मग कोणत्या गावाचं पाणी किती खारं, शेततळं कुठे घ्यायचं, पाइपलाइन आधी कुठे न्यायची? हे सगळे नकाशाचे प्रश्न आहेत.

असा नकाशा बनतो कसा? सुरुवात मोबाईलपासून होते. विहिरीजवळ उभं राहून लोकेशन नोंदवायचं. अकोला शहर साधारण २०.७० उत्तर अक्षांश आणि ७७.०० पूर्व रेखांशावर आहे. पण दशांश चिन्हानंतर दोनच आकडे घेतले तर तुमची विहीर एक किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकते. चार आकडे घेतले तर फरक ११ मीटरच्या आसपास येतो. उघड्या आभाळाखाली साधा फोन जवळपास ५ मीटरपर्यंत अचूक असतो, म्हणजे विहिरीसाठी तो पुरतो. शेताची हद्द ठरवायला मात्र नाही, त्यावरून भावकीत भांडणं लावू नका!

मग पाण्याचा टीडीएस मोजायचा. घरी फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडे असतं तेच छोटं मीटर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हे आकडे क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकले की विहिरी ठिपके बनून येतात. त्याखाली नदी, गावशीव, माती असे थर एकावर एक ठेवता येतात. सॉफ्टवेअर दोन विहिरींमधली जागा अंदाजाने रंगवूनही देतं. इथे सावध राहायचं. तालुक्यात वीसच विहिरी मोजल्या असतील, तर नकाशावरचा बहुतेक रंग हा अंदाज आहे, मोजमाप नाही.

आणखी एक गंमत, जी अमरावती जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना भेटते. अंतर आणि क्षेत्रफळ मीटरमध्ये काढायला पृथ्वीचे यूटीएम नावाचे उभे पट्टे पाडलेत. त्यातल्या ४३ आणि ४४ क्रमांकांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, आणि ती नेमकी या जिल्ह्यातून जाते. अकोला, अमरावती शहर, अचलपूर ४३ मध्ये. वरूड आणि धामणगाव रेल्वे ४४ मध्ये. वरूडचा डेटा चुकून ४३ चा म्हणून उघडला, तर तुमच्या संत्र्याच्या बागा ६०० किलोमीटर पश्चिमेला सरकून थेट गुजरातच्या खंभातच्या आखाताजवळ जातात. पाठ केलेलं रेखांश इथे कामी येतं.

आता उपग्रह. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात. एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एका एकरात साधारण ४० पिक्सेल. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं, त्यावरून पीक कुठे उभं आहे ते कळतं. पण जानेवारीत खारपाणपट्ट्यातही शेतं हिरवी दिसतात, कारण हरभरा काळ्या मातीतल्या ओलाव्यावर निघतो. नुसतं चित्र पाहणारा म्हणेल, पाणी चांगलं असेल. उपग्रह विहिरीचं पाणी चाखत नाही, ते गावात जाऊनच कळतं. माझ्या मते या विषयाचा अर्धा जीव फिल्डवर्कमध्ये आहे.

म्हणून अ‍ॅडमिशन घेताना कॉलेजचं नाव नंतर बघा, आधी विचारा: लॅबमध्ये क्यूजीआयएस प्रत्यक्ष चालवायला मिळतं का? सर्वेक्षणाला बाहेर नेतात का? प्रोजेक्ट स्वतःचा की मागच्या बॅचचा उतरवलेला? नागपूरचं महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नकाशे बनवणाऱ्या खासगी कंपन्या, सगळीकडे हेच काम चालतं. तिथे नुसती डिग्री पुरत नाही, केलेला नकाशा दाखवावा लागतो.

लॅपटॉप नसेल तर क्यूजीआयएसचंच मोबाईल भावंड क्यूफील्ड फोनवर चालतं. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था मोफत ऑनलाइन कोर्स घेते, आणि इस्रोचं भुवन ब्राउझरमध्येच उघडतं. तिथे आधी आपलं गाव शोधा, मग पूर्णा, आणि गावापासून नदी किती लांब आहे ते मोजा.