वेताळाची पलटण : छोट्या भुतांचं सैन्य घडवताना

मागच्या व्याख्यानात 'तोच माणूस' म्हणजे नेमकं काय, या प्रश्नावर बोलताना मी सांगून गेलो होतो की नेरूळच्या घरी माझ्या टेबलावर सध्या भुतांची एक पलटण उभी राहते आहे. त्यावर इतके प्रश्न आले की आजचं व्याख्यान त्यावरच करायचं ठरवलं. एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात आणि आता बाहुल्या रंगवता?" हो, रंगवतो. माझी अकरावीतली नात यात मुख्य कारागीर आहे, मी तिचा मदतनीस.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. टेबलावर छोट्या सैनिकांनी लढाई खेळायची, फासे टाकायचे, फूटपट्टीनं अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये 'वॉरहॅमर' आला आणि खऱ्या सैन्यांच्या जागी राक्षस, बुटके, चेटकिणी, सापळे आले. यातला माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. तो सुट्या तुकड्यांत मिळतो. जोडायचा आणि रंगवायचा आपणच. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करून मातीचे मावळे मांडतात, तेव्हा हीच हौस वेगळ्या रूपात दिसते. फक्त तिथे बैठे महाराज अख्ख्या बुरुजापेक्षा मोठे असतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

या खेळात 'अनडेड' नावाचं एक सैन्य असतं, मेलेल्यांचं. सापळे, प्रेतं, पिशाच्चं. बरेच लोक त्या सैन्याला एखादं सूत्र देतात: कुणी सगळे इजिप्तचे करतं, कुणी सगळे बुडालेले खलाशी. त्यासाठी बाजारातल्या तयार आकृत्या कापायच्या, याचं डोकं त्याला, त्याचा हात याला, वर पुटीनं नवे कपडे. याला ते 'कन्व्हर्जन' म्हणतात. आम्ही ठरवलं की आपलं सूत्र वेताळ. कोकणात समजूत आहे ना, अवसेच्या रात्री वेताळाची पालखी निघते, पुढे मशाली, मागे सगळी भुतावळ. तीच पालखी.

ठरवलं खरं, पण पहिल्याच दिवशी अडलो. वीस प्लास्टिकचे सापळे समोर मांडले आणि लक्षात आलं, हे वेताळाचे होऊच शकत नाहीत. का, ते सांगतो, कारण आजचा मुद्दा तोच आहे.

वॉरहॅमरच्या जुन्या आवृत्त्यांत नियम असा की मेलेले सैनिक घाबरत नाहीत, पळत नाहीत. पण त्यांचा सेनापती पडला की ते आपोआप ढासळू लागतात. कारण त्यांना स्वतःची इच्छाच नाही. एका मांत्रिकाची इच्छा, आणि बाकी सगळी हाडं. म्हणून सगळे सापळे सारखे असले तरी चालतं. किंबहुना सारखेच असायला हवेत. मराठी भूत याच्या बरोबर उलटं. त्याच्याकडे इच्छेशिवाय दुसरं काहीच उरलेलं नाही. देह गेला, इच्छा राहिली. मुंजा घ्या: मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो पिंपळावर बसला. हडळ: बाळंतपणात गेलेली बाई. समंध: मूलबाळ नसताना गेलेला, धनात जीव अडकलेला; 'संबंध' या शब्दापासूनच हे नाव आलं असं मानतात. गिऱ्हा: पाण्यात बुडालेला. प्रत्येकाच्या नावातच तो कसा गेला आणि काय राहून गेलं याची नोंद आहे. 'भूत' या शब्दाचा अर्थच 'झालेलं', 'होऊन गेलेलं'. भूतकाळातला भूत तोच.

तेव्हा सूत्र म्हणजे सगळ्यांच्या ढालीवर एकच चिन्ह काढणं नव्हे. सूत्र म्हणजे एक नियम, जो प्रत्येक आकृतीला लावून बघता येतो. आमचा नियम असा: या माणसाचं काय राहून गेलं, ते हातभर अंतरावरून दिसलं पाहिजे.

आता कापाकापीकडे येऊ. सगळ्यात सोपं कन्व्हर्जन म्हणजे डोकं बदलणं. आणि गंमत बघा, याचा पहिला तात्त्विक विचार खुद्द वेताळानंच केलेला आहे! वेताळपंचविशीतली ती गोष्ट आठवा. देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघांची शिरं धडावेगळी झाली. देवी म्हणाली, जोड, जिवंत होतील. बाईनं घाईत डोक्यांची अदलाबदल केली. वेताळ विचारतो, आता नवरा कोणता? विक्रम राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, कारण सर्व अंगांत शिर प्रधान. ही गोष्ट अकराव्या शतकात सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे. पुढे टॉमस मानला तिच्यावर कादंबरी लिहावीशी वाटली आणि गिरीश कार्नाडांना 'हयवदन' लिहिताना तिचा उपयोग झाला.

टेबलावर राजाचं उत्तर बहुतेक वेळा खरं ठरतं. बघणाऱ्याची नजर आधी डोक्यावर जाते. तेच धड, पण कवटी काढून तुळतुळीत डोकं आणि शेंडी लावली की मुंजा झाला. आम्ही त्यासाठी बुटक्या जातीच्या प्राण्याचं धड घेतलं, कारण हा पोर आहे, आठ-दहा वर्षांचा. भाला काढून हातात पळसाचा दंड दिला, तो तारेचा. जोडताना नुसत्या फेविक्विकवर विसंबू नका. एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यात विजेच्या वायरीतली तांब्याची तार घाला, मग चिकटवा. नाहीतर खेळताना डोकी गळत राहतात.

पण हडळीपाशी विक्रम राजाचं उत्तर चालत नाही. लोकसमजूत अशी की हडळ समोरून भरलेली, देखणी. पाठ मात्र पोकळ, सापळ्याची, आणि पावलं उलटी. म्हणजे तिची ओळख तोंडात नाहीच, ती पाठीत आहे. मग आम्ही दोन आकृत्या उभ्या चिरल्या. एका बाईच्या आकृतीचा पुढचा अर्धा भाग, सापळ्याचा मागचा अर्धा, मध्ये एम-सील. पावलं घोट्यातून कापून फिरवली. एम-सील आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दोन्ही भाग सारखे मळायचे, ओल्या बोटानं काम करायचं. परदेशी हौशी लोक पिवळी-निळी पुटी वापरतात, मिसळली की हिरवी होते. ती जास्त वेळ मऊ राहते, बारीक चेहऱ्यांना चांगली. एम-सील लवकर घट्ट होतं, पण वाळल्यावर पॉलिशपेपरनं छान घासता येतं. लुगड्याच्या निऱ्यांसाठी टिश्यूपेपरची पट्टी पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून गुंडाळली.

इथे नातीनं विचारलं, "आबा, हिला सुळे लावायचे का?" तिच्याकडे उरलेले होते. मी म्हटलं, अगं, ही बाळंतपणात गेलेली बाई आहे. दवाखाना नव्हता, रक्त थांबलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. मग जिवंत लोक तिला भ्यायले आणि तिच्याबद्दल गोष्टी रचल्या. सुळे हे आपल्या भीतीचे आहेत, तिचे नव्हेत. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग हिरव्या लुगड्याचा रंग कालवायला लागली. डोहाळजेवणाचा हिरवा. मनगटावर हिरव्या बांगड्यांच्या तीन रेघा, अगदी बारीक कुंचल्यानं. माझ्या मते अख्ख्या पलटणीत तीच आकृती सगळ्यात भयंकर दिसते.

हा विषय जरा वाढवतो, कारण पुढची अडचण मोठी होती. कोकणातल्या भुतांची एक जुनी यादी आहे. जॅक्सन हे नाव तुम्हाला माहीत असेल, नाशिकचा कलेक्टर, १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळ्या घातल्या. त्यानं लोकसमजुतींची टिपणं जमवली होती. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली माहिती त्यात आहे. एंथोवेननं ती संपादित केली, कोकणचा भाग १९१५ साली आला. ती यादी वाचताना दिसतं की भुतांनाही जात आहे. मुंजा आणि समंध ब्राह्मणांचे, देवचार शूद्राचा, वीर क्षत्रियाचा, खवीस मुसलमानाचा. बायकांमध्ये सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. मेल्यावरही माणसाला त्याच्या आळीतच राहायला लावलेलं आहे!

आता खेळात सैन्य तुकड्यांनी उभं राहतं. आम्ही प्रत्येक प्रकारच्या भुताची वेगळी तुकडी केली असती तर टेबलावर जातवार वस्ती तयार झाली असती, आणि तीही माझ्या हातानं. मला ते मान्य नव्हतं. पण खेळाचा नियमही मोडायचा नव्हता. एका तुकडीचं हत्यार एक असावं लागतं. त्यातूनच वाट निघाली. तुकड्या भुतांच्या नव्हेत, कामाच्या केल्या: मशालवाले, काठीवाले, पालखीचे भोई. भोयांमध्ये समंधाच्या शेजारी देवचार खांदा देतो, मागच्या दांडीला लावसट. अवसेच्या रात्री पालखी जड असेल तर कोण कुणाला विटाळ विचारणार?

खवीस मात्र मी यादीप्रमाणे केला नाही. परक्याचं भूत ते सगळ्यात दुष्ट, हा विचार पुन्हा प्लास्टिकमध्ये ओतायचं काही कारण नाही. आमचा खवीस एक खलाशी आहे, घरापासून लांब कुठल्या तरी बंदरात गेलेला. पाठीवर बोचकं, जे त्यानं अजून खाली ठेवलेलं नाही. काही श्रोत्यांना हा परंपरेत केलेला बदल वाटेल. असू दे. परंपरेनंही बाहेरून आलेल्या भुतांना वेळोवेळी जागा करून दिलीच आहे.

गिऱ्ह्याची जागा आमच्या दारातलीच. पाम बीच रस्त्यावरून खाडीकडे ओहोटीच्या वेळी बघा. चिखलातून खारफुटीची श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात. तळपट्टीवर एम-सीलचा चिखल करून त्यात जुन्या टूथब्रशचे केस उभे खोचले की हुबेहूब तशी दिसतात. वर पारदर्शक इपॉक्सीचा पातळ थर म्हणजे पाणी. बाकी सगळ्यांच्या तळपट्ट्या जांभ्या दगडाच्या: बारीक वाळू, त्यावर विटकरी तांबडा, त्यावर काळपट पाणी, आणि शेवटी कोरड्या कुंचल्यानं फिकट नारिंगी.

वेताळ स्वतः पालखीत बसवला नाही. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे लोक नवसाला मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. समजूत अशी की देव त्या घालून रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि वहाणा झिजतात. ज्याच्या वहाणा झिजतात तो पालखीत कसा बसेल? म्हणून आमचा वेताळ पालखीच्या पुढे चालतो, पालखी रिकामी. तिच्यावर पिंपळाच्या जाळीदार पानाची झालर आहे. पान काही आठवडे पाण्यात कुजवलं की गर जातो आणि शिरा राहतात. पानाचाही सापळाच म्हणायचा.

रंगाचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात नवी मुंबईत स्प्रेचा प्रायमर मारू नका, दमट हवेत तो दाणेदार आणि पांढुरका बसतो. कुंचल्यानं दोन पातळ हात द्या. हाडांना आधी पिवळसर मातकट, मग तपकिरी रंगाचं पातळ पाणी, ते खाचांत उतरतं, मग कडांवर कोरड्या कुंचल्यानं हस्तिदंती. अंगावरचे कपडे वेगवेगळ्या रंगांचे चालतील, पण उजेड एकच हवा. अवस आहे, चंद्र नाही. उजेड फक्त मशालींचा. म्हणून प्रत्येक आकृतीची मशालीकडची बाजू नारिंगी, दुसरी निळसर काळी. हे एवढं कसोशीनं केलंत तर चाळीस वेगवेगळी भुतं एका वाटेवरून चालताना दिसतात. हडळीची पाठ अर्थातच अंधाराकडे.

आणि डोळे. पेणला गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती ज्याचा हात बसलेला आहे तोच करतो. २८ मिलिमीटरच्या आकृतीत डोळा म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा. आधी पूर्ण डोळ्याची जागा काळी, त्यात पांढरी आडवी रेघ, मध्ये उभा काळा ठिपका. श्वास सोडून, मनगट टेबलाला टेकवून. सापळ्यांना डोळे नाहीत, नुसत्या खोबणी काळ्या. फक्त चौघांना आम्ही डोळे आखले: वेताळ, हडळ, खवीस आणि मुंजा. मुंजाचे नातीनं आखले. तो पालखीकडे बघत नाहीये, टेबलाबाहेर, खेळणाऱ्याकडे बघतोय.

बरं, आता प्रश्न घेऊया.