अवजारांची खोली व तिची मांडणी

वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन कसणाऱ्यास वापशाचे मोल सांगावयास नको. पाऊस उघडला की जमीन चिकट असते, ऊन लागले की ती कठीण होऊन भेगाळते. या दोहोंमधील मोजके दिवस हेच डवरणीचे. अशा सकाळी बैल जुंपण्यास सिद्ध असावेत आणि डवऱ्याची पास सापडू नये, याहून मोठी हानी कोणती? पास पुन्हा विकत घेता येते; गेलेला वापसा विकत मिळत नाही. म्हणून अवजारे नीट ठेवणे ही शोभेची बाब नसून शेतकामाचाच भाग होय, असे आम्ही समजतो.

खोली मोठी नसली तरी चालेल. मात्र ती कोरडी, हवेशीर व गोठ्याच्या ओलीपासून दूर असावी. नांगर, वखर यांसारखी जड अवजारे भुईवर न टेकवता लाकडी ओंडक्यांवर ठेवावीत. विळे, खुरपी, फावडी ही नित्याची साधने दाराजवळ खुंट्यांवर टांगावीत. तिफण, चाडे इत्यादी हंगामी वस्तू आतल्या बाजूस असाव्यात. प्रत्येक खुंटीखाली त्या अवजाराची आकृती गेरूने काढावी. सायंकाळी नुसती नजर फिरविली तरी कोणते अवजार शेतात राहिले ते रिकाम्या आकृतीवरून कळते. वर्ध्यात ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने आहेत. संग्रहालयात वस्तूची जागा ठरलेली असते; तोच नियम घरी लावावा.

लोखंडास गंज चढतो तो हवा व पाणी यांच्या संयोगाने. चिकटलेली माती ओल धरून ठेवते. यास्तव अवजार खरवडून, धुऊन, कोरडे पुसावे व त्यावर तेलाचा हात फिरवावा. लाकडी दांड्यांस आपल्याकडील जवसाचे तेल उत्तम. परंतु त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करू नये. हे तेल वाळताना उष्णता उत्पन्न होते व ढिगात ती साठून आपोआप आग लागू शकते. घरात कापूस असता हा धोका विशेष जाणावा. चिंध्या उघड्यावर, एकेक पसरून वाळवाव्यात.

रासायनिक खत हवेतील ओल ओढून घेते व लोखंडही खाते; त्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून व बियाण्यापासून वेगळी ठेवावीत. कीटकनाशकांविषयी तर अतिदक्षता हवी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. शेतात असे घातक ठरणारे द्रव्य धान्याशेजारी कसे ठेवावे? त्यास वेगळे कुलपाचे कपाट असावे व किल्ली मोठ्यांकडेच असावी. औषध मूळ बाटलीतून पिण्याच्या बाटलीत कदापि ओतू नये. कारण मूळ वेष्टनावरील रंगीत खूणच विषाची तीव्रता सांगते. लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळी, निळी व शेवटी हिरवी.

खंडेनवमीस आपण अवजारे धुऊन पूजतो. त्याच दिवशी त्यांची मोजदाद करून मोडक्या वस्तूंची यादी करावी. वैशाखात ती यादी पुन्हा पाहावी आणि मृग लागण्यापूर्वी लोहार-सुताराकडील काम उरकून घ्यावे. एवढे केले तर पाऊस उघडताच शेतकरी अवजार शोधीत न बसता थेट शेताकडे निघेल.