गडासमोरचे व्यक्तिचित्र : लेन्स कोणती निवडावी?

जुन्नर : शिवनेरीच्या पार्श्वभूमीवर छायाचित्र काढावे, अशी अनेकांची हौस असते. प्रत्यक्षात मात्र चेहरा चौकट व्यापतो आणि गड टेकडीएवढा दिसतो. हा दोष कॅमेऱ्याचा नसून लेन्स व अंतर यांच्या निवडीचा असतो.

२४ मिमीसारख्या रुंद कोनाच्या लेन्सने चेहरा टिपण्यासाठी जवळ जावे लागते. त्यामुळे नाक मोठे भासते आणि मागचा गड लहान होतो. याउलट, ५० मिमी लेन्सने पाच मीटरवरून टिपलेली व्यक्ती १०० मिमी लेन्सने दहा मीटरवरून तेवढीच दिसते. दूरवरचा गड मात्र जवळपास दुप्पट मोठा होतो. म्हणूनच जुन्नरच्या मोकळ्या शिवारातून ८५ ते १३५ मिमी लेन्स उपयुक्त ठरते. गड ओळखू यावा, यासाठी छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवावे, एफ/१.८ वर तो धूसर होतो.

नाणेघाटाच्या अरुंद खिंडीत मागे सरकण्यास जागा नसते. तेथे ३५ मिमी योग्य. मात्र व्यक्तीला चौकटीच्या अगदी कडेला उभे करू नये, अन्यथा चेहरा ताणलेला दिसतो. भीमाशंकरच्या दाट झाडीत उजेड कमी असतो. तेथे एफ/१.८ चे मोठे छिद्रच कामी येते.

एकच लेन्स घेण्याची ऐपत असलेल्या नवोदिताने ५० मिमी एफ/१.८ घ्यावी. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिची दृश्यकक्षा सुमारे ७५ ते ८० मिमीइतकी होते.

कड्यावर मात्र कॅमेऱ्याला डोळा लावून मागे सरकू नये. आधी मागे वळून पाहावे, मगच पाऊल टाकावे.