गुराख्याच्या खोगिरावरून नगराध्यक्षाच्या खुर्चीवर

अमेरिकन चित्रपटांतील घोडेस्वार गुराखी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. अशा एका गुराख्यास एका गांवानें आपला नगराध्यक्ष केलें, ही हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ती आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

क्लिंट ईस्टवुड यांचा जन्म १९३० सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें झाला. १९५१ सालीं सैन्यांत असतां ते बसलेलें विमान समुद्रांत कोसळलें, आणि पोहत किनारा गांठून त्यांनीं प्राण वांचविला. पुढें लहानसहान भूमिका करीत असतां १९५९ सालीं ‘रॉहाइड’ या टेलिव्हिजनवरील मालिकेंत त्यांना रावडी येट्स या तरुण गुराख्याचें काम मिळालें. ही मालिका १९६५ पर्यंत चालली.

या मालिकेचा विषय समजण्यास थोडा इतिहास ठाऊक हवा. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर टेक्सास प्रांतांत गुरें उदंड व स्वस्त होतीं. उत्तरेकडील शहरांत मांसास भाव होता. परंतु मध्यें आगगाडी नव्हती! म्हणून हजारों गुरांचे कळप महिनेन्‌महिने हांकीत रेल्वेच्या स्थानकापर्यंत न्यावे लागत. धूळ, पूर, तहान आणि बिथरलेलीं गुरें हे त्या गुराख्याचे खरे शत्रु. पिस्तुलाची पाळी त्या मानानें क्वचितच येई. चित्रपट पाहणाऱ्यांचा समज याच्या नेमका उलट असतो.

मालिकेच्या सुटींत १९६४ सालीं ईस्टवुड यांनीं स्पेनमध्यें सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाच्या चित्रपटांत काम केलें, आणि त्यांचें नांव जगभर झालें.

आतां राजकारणाकडे वळूं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेल नांवाचें, त्या काळीं सुमारें पांच हजार वस्तीचें, गांव आहे. तेथील नगरसभा गांवाचें जुनें रूप जपण्याविषयीं मोठी कडक. त्या काळीं तेथील घरांना क्रमांक नसत. टपाल ज्यानें त्यानें कचेरींतून आणावयाचें. आइसक्रीमचा कोन विकत घेऊन रस्त्यांत खाण्यावरहि निर्बंध होते. ईस्टवुड यांनीं तेथें एक इमारत बांधण्याचा बेत केला. नगरसभेनें तो फेटाळला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें व शेवटीं आपसांत मिटलें. तेव्हां ते केवळ लोकसेवेच्या ओढीनें निवडणुकीस उभे राहिले असें आम्ही म्हणणार नाहीं; स्वतःचा कटु अनुभवहि त्यामागें होता.

एप्रिल १९८६ मध्यें मतदान झालें. ईस्टवुड यांना २,१६६ मतें पडलीं; अधिकारावर असलेल्या शार्लट टाउनसेंड यांना ७९९. वेतन दरमहा अवघे दोनशें डॉलर. जगप्रसिद्ध नट आतां वाहनतळ, गटारें आणि परवाने यांच्या चर्चेंत तासन्‌तास बसूं लागला. आइसक्रीमचे निर्बंध सैल झाले, हें मुलांना विशेष आवडलें असावें. आमच्या मतें याहून मोठें काम निराळेंच आहे. गांवाच्या कडेला, जुन्या मिशन मंदिराजवळ, बावीस एकरांचें एक जुनें गोशाळेचें आवार होतें. तेथें सदनिकांच्या इमारती उठावयाच्या बेतांत होत्या. ईस्टवुड यांनीं तें स्वतःच्या पैशानें विकत घेऊन जुन्या इमारतींची डागडुजी केली. नगराध्यक्ष म्हणून नव्हे, तर धनिक रहिवासी म्हणून त्यांनीं हें केलें, हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

दोन वर्षांची मुदत संपतांच, १९८८ सालीं, त्यांनीं खुर्ची सोडली. पुन्हा उभे राहिले नाहींत. १९९२ सालच्या ‘अनफरगिव्हन’ या गुराख्यांच्याच चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें व दिग्दर्शनाचें अशीं दोन ऑस्कर पारितोषिकें त्यांना मिळालीं.

२००१ सालीं त्यांची राज्याच्या उद्यान मंडळावर नेमणूक झाली. सॅन ओनोफ्रे येथील किनारी उद्यानांतून सहा पदरी रस्ता काढण्याच्या योजनेस या मंडळानें विरोध केला, व त्यांत ते पुढें होते. २००८ सालीं त्यांची पुनर्नियुक्ति झाली नाहीं. ती न करणारे गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर हेहि पूर्वाश्रमींचे चित्रपटनटच होते.