तीन गोळ्यांचा कौल

अमेरिकेत बोल्ट-ॲक्शन रायफल बाळगणाऱ्या अनेक हौशी नेमबाजांच्या गॅरेजमध्ये एक छोटेखानी कारखाना थाटलेला असतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, वापरलेला प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) काढायचा, हातप्रेसमध्ये दाबून पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर ठोकायचा, मोजून दारू भरायची आणि तोंडावर गोळी बसवायची. या हातभरणीचा हेतू एकच, रायफलीला मानवेल असं काडतूस शोधणं. या शोधाभोवती समजुतींचं रान माजलं आहे.

सगळ्यात चिवट समजूत तीन गोळ्यांच्या ग्रुपची, म्हणजे निशाण्यावर पडलेल्या छिद्रांच्या झुबक्याची. दारूचं प्रमाण थोडं थोडं वाढवत दहा प्रकारची काडतुसं भरायची, प्रत्येकाच्या तीन गोळ्या 100 यार्डांवर झाडायच्या आणि ज्याची छिद्रं सर्वांत जवळ पडली ते प्रमाण ‘सापडलं’ म्हणायचं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच येत असेल, तर त्याच रायफलीतून, त्याच काडतुसांच्या दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी दीड इंचाच्या पुढे जातो. शिवाय तीन-तीनचे ग्रुप लहरी असतात. काहीही न बदलता एक अर्ध्या इंचाचा येतो, तर पुढचा दीड इंचाचा. दहा प्रमाणांत एखादं निव्वळ नशिबाने उजवं दिसणारच. पुढच्या रविवारी तेच प्रमाण दगा देतं आणि दोष मात्र हवेला दिला जातो.

बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत, हे कधीच ओळखलं गेलं. मॅक मॅकमिलन यांनी 1973 साली 100 यार्डांवर पाच गोळ्यांचा 0.009 इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही लहान ग्रुप नोंदवला. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं हे अंतर अनेक वर्षं विक्रम म्हणून टिकलं. पण असा एखादा चमत्कार विक्रमाच्या वहीत जातो. विजेता ठरतो तो अनेक ग्रुपांच्या सरासरीवर.

दारूचा कण न् कण तोलला पाहिजे, ही दुसरी समजूत. याच बेंचरेस्टमधले कसलेले खेळाडू 100-200 यार्डांच्या स्पर्धेत दारू तोलतही नाहीत. मापाच्या यंत्राचा दांडा फिरवून आकारमानानेच ओततात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनमधल्या एका प्रचंड गोदामात, बंदिस्त आणि निवाऱ्याच्या जागी, व्हर्जिल किंग यांनी नेमक्या नेमबाजीचे प्रयोग केले. दारूच्या प्रमाणातल्या किरकोळ फरकाला त्यांनीही फारसं महत्त्व दिलं नाही. हजार यार्डांवर मात्र हिशेब बदलतो. गोळीच्या वेगातला थोडासा फरकही तिथे वर-खाली इंचांनी दिसतो, म्हणून तिथे तराजू हवाच. सल्ला ऐकताना तो किती अंतरासाठी दिलाय, हे आधी विचारावं.

गोळीचं टोक जरा चेपलं की नेम गेला, असंही मानतात. मॅसॅच्युसेट्सचे डॉ. फ्रँकलिन मान यांनी मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि 1909 साली निष्कर्ष छापले. टोकाच्या इजेने फारसं बिघडत नाही. बूड वाकडं असेल तर गोळी भरकटते. कारण नळीतून सुटताना मागून झोताने येणारा वायू त्या बुडावर सारखा दाब देत नाही.

पुढची समजूत मात्र जिवावर बेतणारी आहे: दारू जास्त म्हणजे वेग जास्त, आणि वेग जास्त म्हणजे नेम पक्का. .308 विंचेस्टर या काडतुसासाठी अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला 62,000 पौंड दाबाची आहे. चपटा झालेला प्रायमर किंवा जड उघडणारा बोल्ट या खुणा बऱ्याचदा ही मर्यादा ओलांडून गेल्यावरच दिसतात. त्यांची वाट पाहत बसणं शहाणपणाचं नाही. दुसऱ्याच्या रायफलीत बिनधोक चाललेलं प्रमाण आपल्या नळीत जास्त दाब निर्माण करू शकतं. म्हणूनच जाणकार छापील तक्त्यातल्या किमान प्रमाणापासून सुरुवात करतात.

आणि घरचं काडतूस कारखान्यापेक्षा नेहमीच सरस? ऑलिम्पिकमध्ये उलटा दाखला मिळतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक जिंकलं, त्या प्रकारात .22 रिमफायर काडतुसं लागतात. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच असल्याने ती पुन्हा भरण्याच्या सोयीची नसतात. म्हणून मोठे नेमबाज कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्याच रायफलीतून झाडून बघतात आणि जो लॉट जमेल तोच विकत घेतात. निवड इथेही तशीच, फक्त भरणी नाही.

आपल्याकडच्या हौशी वाचकांसाठी एवढंच: शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं हा भारतात गुन्हा आहे.