जुनी मोटार घेतांना

बदलापुरास बिऱ्हाड करून आम्हांस सत्तावीस वर्षें झालीं. इतक्या काळांत घरची मोटार असावी असें कोणास वाटलें नव्हतें. परंतु मातुःश्रींचें वय आतां सत्त्याऐंशी आहे. गेल्या वर्षीं त्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि दर पंधरवड्यास कल्याणला जाण्याचा प्रसंग येऊं लागला. भरलेल्या लोकलमध्यें त्यांना चढविणें अशक्य. भाड्याची गाडी सांगितल्या वेळीं येईलच असा नेम नाहीं. तेव्हां जुनी मोटार घ्यावी असें ठरलें. पैसा माझ्या भविष्यनिर्वाह निधींतला, म्हणून परीक्षकाचें कामहि माझ्याकडेच आलें. यंत्रांतलें मला कांहीं कळत नाहीं. पण तरुणपणीं तर्कसंग्रह वाचला होता. त्यांतलीं प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द हीं तीन प्रमाणें या कामीं जितकीं उपयोगी पडलीं, तितकीं छत्तीस वर्षांच्या शिक्षकींतहि पडलीं नव्हतीं.

पुष्कळ हिंडल्यावर दोन गाड्या उरल्या. एक अर्टिगा, २०१४ सालची, सात माणसांची. ती एका दलालाकडे होती. दुसरी वॅगन-आर, २०१५ सालची, पांच माणसांची. ती अंबरनाथच्या आयुधनिर्माणींतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या, आणि किंमतींत अंतर अवघें चाळीस हजारांचें. आमच्या घरांत माणसें सातच, त्यामुळें थोरल्या चिरंजीवांचें मत अर्टिगेकडे झुकलें. "बाबा, सारें घर एका गाडींत बसेल," असें ते म्हणाले, आणि खरें सांगावयाचें तर एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माझ्यासारख्याला तें चित्र फार गोड वाटलें. सूनबाईंनीं मात्र भिंतीवरचें कॅलेंडर काढून आणलें. मागील वर्षांत सातहि जणें एकत्र कितीदां बाहेर पडलों, तें आम्ही मोजूं लागलों. तीनदां! इस्पितळाच्या खेपा मात्र वीसच्या वर.

आतां शब्दप्रमाण. आप्ताचें वाक्य प्रमाण मानावें असें शास्त्र सांगतें. पण विकणारा हा आप्त नव्हे. दलाल म्हणाला, गाडी एकाच हातची आहे. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा क्रमांक घातला, तों मालक दुसरा निघाला. टायर नवे आहेत असेंहि तो म्हणाला होता. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. तेथें २३१७ असें होतें, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. अंबरनाथच्या गृहस्थांनीं मात्र न विचारतां सांगितलें कीं, क्लच लवकरच बदलावा लागेल आणि डावें दार एकदां खांबाला घासल्यामुळें पुन्हां रंगविलें आहे. दोष आपण होऊन सांगणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावरहि विश्वास बसतो.

दोन्ही गाड्या उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधील एका सिंधी मेस्त्रींस दाखविल्या. यंत्राकडे ते नंतर वळले. प्रथम त्यांनीं अर्टिगेच्या मागच्या आसनाचा पट्टा ओढला, आणि तो शेवटपर्यंत बाहेर काढला. अर्ध्या पट्ट्यावर मातकट रंगाची आडवी रेघ होती. मग सुटें चाक उचलून त्याखालची खोबण पाहिली. कोपऱ्यांत वाळलेली बारीक माती. आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज. मेस्त्री म्हणाले, "मास्टरजी, गाडी पानीमें खडी थी."

घरीं येऊन मीं दुरुस्तीचें पुस्तक पुन्हां चाळलें. मे २०१९ नंतरची नोंद एकदम फेब्रुवारी २०२० ची, आणि मधल्या काळांत धांव जेमतेम दोनशें किलोमीटर. वाचकांस स्मरत असेल कीं, २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारावर उतारूंना राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल, नौदल इत्यादिकांनीं बाहेर काढलें होतें. त्या पुरांत नदीकांठच्या सखल भागांत इमारतींखालीं उभ्या असलेल्या मोटारीहि बुडाल्या होत्या. पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करतात. मीं गंजावरून पाण्याचें केलें.

धुवून-पुसून गाडी चालती झाली कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. पण पाणी तारांच्या जोडांत शिरतें, आणि तेथील गंज वर्षानुवर्षें आंतल्या आंत वाढतो. अपघातांत हवेच्या पिशव्या उघडणारें यंत्र बहुधा पुढील दोन आसनांमध्यें तळाशीं असतें, म्हणजे पाणी पहिल्यानें पोचतें तेथेंच. चाळीस हजारांचा हिशेब एवढें कळल्यावर कोणी काढला नाहीं. थोरले चिरंजीवहि गप्प झाले. दलालास विचारलें, तर त्यानेंहि गाडी दुसऱ्याकडून घेतली होती. त्याला ठाऊक होतें कीं नव्हतें, तें देव जाणे.

वॅगन-आर घेण्याचें ठरलें, तरी कागदांची पाळी राहिलीच होती. नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५ हवा. येथें बोजा नव्हता. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या. एकाच राज्यांतला व्यवहार असल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. विमाहि १४ दिवसांत आपल्या नांवें करण्यासाठीं अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे पुष्कळ जण किल्ली देऊन मोकळे होतात. परंतु नोंदणींत ज्याचें नांव, तोच कायद्यानें मालक व अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. म्हणून ही घाई विकणाऱ्याच्याहि हिताची. आम्ही दोघे गृहस्थ आठवड्याच्या आंतच कल्याणच्या कार्यालयांत जाऊन आलों. विम्यांतील 'नो क्लेम'ची सवलत जुन्या मालकाकडेच राहते, गाडीबरोबर येत नाहीं, हें मला तेथें कळलें. हिशेबांत तेवढी चूक माझी झाली होती.

क्लच बदलला. मेस्त्रींनीं तपासणीचे पैसे घेण्यास नकार दिला, तेव्हां मातुःश्रींनीं त्यांच्या घरीं बेसनाचे लाडू पाठविले. या गाडीचें आसन उंच असल्यामुळें मातुःश्रींना बसतांना वाकावें लागत नाहीं. मीं ज्या गुणाचा विचारच केला नव्हता, तोच त्यांना सर्वांत मोठा वाटतो. गेल्या सोमवारीं त्यांना अंबरनाथच्या शिवालयास नेलें. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलें तें देवालय त्यांनीं बारा वर्षांनीं पाहिलें. चैत्रांत कुलस्वामिनीच्या दर्शनास सातहि जणांना जावयाचें आहे. त्यासाठीं मोठी गाडी भाड्यानें सांगून ठेविली आहे. धाकटे चिरंजीव अजूनहि म्हणतात कीं, अर्टिगेचा रंग छान होता.